शंभर पट्ट्यांचं कुलूप

प्रोग्रॅमची फुकट ट्रायल किती वापरली हे मोजून राखणाऱ्या एका सेवेबद्दल लिहितोय, पण तिचं नाव इथे कुठेच येणार नाही. भांडण नाही, भीतीही नाही. आपल्या दाराला कुठल्या कंपनीचं कुलूप आहे हे गल्लीत ओरडून सांगितलं तर चोराचं निम्मं काम आपणच करून देतो, एवढंच. या धंद्यातले लोक वर्णनावरून ओळखतीलच. बाकीच्यांना नावापेक्षा अनुभव जास्त कामाला येईल.

चौदा महिने वापरली. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कुठे कापला आणि एक का कापला, ते पुढे येईल.

मी सांगलीत अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो, मुख्यतः हळदीच्या. सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी द्यायची असते. किती पोती, किती वजन, काय दर लागला, हमाली-तोलाई किती वजा, हातात किती पडणार. ती पट्टी माझा प्रोग्रॅम छापतो. घ्यायच्या आधी वापरून बघायला १०० पट्ट्या फुकट. तीस दिवस न देता १०० पट्ट्या का, तर यार्डात दिवसांना काही अर्थ नाही. माणूस दिवाळीत प्रोग्रॅम घालून घेतो, हळद यायला फेब्रुवारी उजाडतो. तीस दिवस कधीच संपलेले असतात आणि त्यानं एकही पट्टी छापलेली नसते. बियाँड कंपेअर नावाचं एक प्रोग्रॅम आहे, ते ट्रायलचे ३० दिवस मोजतं ते फक्त वापरलेले. मधले पंधरा दिवस उघडलंच नाही तर ते धरत नाही. मला ते पटलं. मी एक पाऊल पुढे जाऊन दिवस सोडले आणि पट्ट्याच मोजायला लागलो.

मोजणं सोपं होतं. मोजलेलं शाबूत ठेवणं अवघड निघालं.

सुरुवातीला मोजणी डेटाबेसमध्येच होती, अ‍ॅक्सेसची फाईल, पासवर्ड घातलेला. मला वाटायचं झालं काम. एका दुकानात ट्रायल दिली, त्यांनी दोन हंगाम घेतलं नाही. विचारलं की दिवाणजी म्हणायचे, "बघतोय अजून." मीही सोडून दिलं. मग एकदा त्यांच्या प्रिंटरवर पट्टीची शेवटची ओळ कापली जात होती म्हणून बोलावलं. गेलो, टेबलावर स्थळप्रतींची बॉक्सफाईल होती, चाळली. सगळ्या पट्ट्यांचे नंबर १ ते ९८ मधलेच. आणि प्रत्येक नंबराच्या आधी हिरव्या बॉलपेननं एक अक्षर. क-१ ते क-९८. मग ख-१ ते ख-९८. पुढे ग, घ. ङ वगळून थेट च. ञ पण वगळलेला. मी बघितलं त्या दिवशी गाडी 'ढ'वर पोचली होती. बारा अक्षरं, दर अक्षराला ९८, म्हणजे ११७६ पट्ट्या.

दिवाणजींनी काही लपवलं नाही, उलट कौतुकानं दाखवलं. पहिल्याच दिवशी, एकही पट्टी छापायच्या आधी, त्यांच्या पुतण्यानं माझा अख्खा फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवला होता. फोल्डरचं नाव 'कोरा'. पट्ट्या संपत आल्या की चालू फोल्डर 'क' नावानं बाजूला ठेवायचा आणि 'कोरा' पुन्हा आणून टाकायचा. जुना हिशोब बघायचा झाला तर 'क' उघडायचा. शंभरातल्या दोन पट्ट्या कायम शिल्लक ठेवायच्या, ऐनवेळी अडायला नको म्हणून. त्या काळी माझ्या प्रोग्रॅममध्ये जुनं वर्ष बंद करून नवं उघडायची सोय नव्हती. या माणसानं ती सोय माझ्याच कुलपातून काढली होती. मी चहा घेतला, शेवटची ओळ दुरुस्त केली आणि परत आलो. रागावणार कुणावर?

त्यानंतर मी जे केलं ते प्रत्येक एकटा प्रोग्रॅमर करतो. मोजणी तीन ठिकाणी लपवली. एक रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, भलत्याच नावानं, एक प्रोग्रॅमडेटा फोल्डरच्या पोटात, एक डेटाबेसमध्ये. तिन्ही जुळल्या नाहीत तर सर्वांत मोठा आकडा खरा धरायचा. हे दिवाणजींना पुरलं. पण मायक्रोसॉफ्टचंच प्रोसेस मॉनिटर नावाचं फुकट साधन आहे. कुठला प्रोग्रॅम कुठली फाईल आणि रजिस्ट्रीतला कुठला कप्पा उघडतोय हे ते ओळीनं दाखवतं. ते चालू करून माझा प्रोग्रॅम एकदा उघडला की तिन्ही लपणी पाच मिनिटांत सापडतात. ज्या मशीनचा मालक मी नाही, त्या मशीनवर माझं काहीच लपत नाही. हे वाक्य आता सोपं वाटतं, तेव्हा कळायला दोन वर्षं गेली.

त्यातच घड्याळाचा प्रकार. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकांची मुदत तारखेवर होती आणि तारीख मागे घेणं तर सातवीतल्या पोराला येतं. म्हणून मी नियम घातला: प्रोग्रॅमनं आजवर बघितलेली सर्वांत पुढची तारीख जपून ठेवायची, आजची तारीख तिच्या मागे असेल तर बंद. एका मार्चमध्ये, सौद्याच्या सकाळी, सात वर्षं न चुकता पैसे भरणाऱ्या अण्णांचा फोन. स्क्रीनवर लाल अक्षरात माझा संदेश: 'तारखेत फेरफार आढळला आहे.' समोर शेतकरी बसलेले. अण्णा म्हणाले, "अहो, फेरफार कसला? तलाठ्याकडचा? आमच्या कुठल्या जमिनीचा निघाला?" गेलो, बघितलं. मशीनवर १ जानेवारी २००९ तारीख. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. तीस-चाळीस रुपयांचा, बटणाएवढा. रात्री वीज गेली, घड्याळ विसरलं, आणि माझ्या कुलपानं सर्वांत सरळ गिऱ्हाइकाला चारचौघात चोर ठरवलं. सेल बदलला, त्यांनी चहा विचारला नाही. त्या संध्याकाळी मी 'फेरफार' हा शब्द प्रोग्रॅममधून काढला, पण खरी चूक शब्दाची नव्हती.

डोंगलचा विचार केला होता. यूएसबीला लावायची ती छोटी किल्ली. जुन्या लोकांना प्रिंटरच्या पोर्टला लागणारा हॅस्प आठवत असेल, इस्राएलच्या अलादीन कंपनीचा. ती कंपनी पुढे सेफनेटकडे, सेफनेट जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये जेमाल्टो थेल्सकडे गेली. त्यांच्या काही किल्ल्यांत स्वतःचं घड्याळ असतं, मशीनची तारीख काहीही करा, त्याला फरक पडत नाही. उत्तम वस्तू आहे. पण ट्रायल म्हणून डोंगल फुकट वाटायचं आणि मग परत गोळा करत फिरायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं.

मग ही सेवा घेतली. काम असं चालतं. मोजणी गिऱ्हाइकाच्या मशीनवर राहातच नाही, त्यांच्या सर्व्हरवर राहते. पट्टी छापायच्या आधी माझा प्रोग्रॅम विचारतो, "छापू का?" सर्व्हर आपल्याकडचा आकडा एकानं वाढवतो आणि "छाप, ५९ शिल्लक" असं सही करून पाठवतो. सही करायची गुप्त किल्ली त्यांच्याकडे, तपासायची उघडी किल्ली माझ्या प्रोग्रॅममध्ये. ईडी२५५१९ नावाची पद्धत आहे. सही छोटी असते आणि पंधरा वर्षांच्या जुन्या मशीनवरही ती तपासायला वेळ लागत नाही. कुणी खोटा सर्व्हर उभा केला आणि होस्ट्स फाईलमधून, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर जातं ते ठरवणाऱ्या मशीनमधल्या फाईलमधून, माझा प्रोग्रॅम तिकडे वळवला, तरी त्याला ही सही करता येत नाही. कालचं खरं उत्तर साठवून आज पुन्हा ऐकवलं तर? त्यासाठी प्रत्येक विचारणेबरोबर मी एक नवा आकडा पाठवतो, तोच आकडा सही केलेल्या उत्तरात परत यायला लागतो. कालच्या उत्तरात कालचा आकडा असतो, चालत नाही.

बसवायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांची माहितीपानं इंग्रजीत असली तरी सरळ आहेत, नमुना कोड चालतो, आणि चाचणीसाठी वेगळं खातं देतात म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांचा आकडा चुकून खराब होत नाही. इथे पूर्ण तारे.

नेट हा खरा प्रश्न. यार्डात पत्र्याच्या शेडखाली नेट कधी असतं, कधी नसतं, आणि नेमकं सौद्याच्या गर्दीत जातं. प्रत्येक पट्टीला सर्व्हर विचारत बसलो तर गिऱ्हाईक मला यार्डात फिरू देणार नाही. यासाठी त्यांच्याकडे सोय आहे: काही पट्ट्यांची परवानगी आगाऊ घेऊन ठेवता येते, मुदत घालून. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे, मी प्रोग्रॅममध्ये 'उचल' लिहिलंय. यार्डात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. एका वेळी दहाची उचल, ४८ तासांची मुदत, नेट आलं की हिशोब मिटवायचा आणि पुढची उचल घ्यायची.

इथे मात्र थोडं स्वतःचं डोकं लावावं लागलं, आणि या सगळ्या लेखात माझ्या मते हाच भाग वाचण्यासारखा आहे. नुसती उचल दिली तर 'कोरा' परत आला. दहाची उचल घेतली, फोल्डर कॉपी केला, दहा छापल्या, कॉपी परत टाकली, पुन्हा दहा. म्हणून मी पट्टीचा नंबरच सर्व्हरकडून घ्यायला लागलो. उचल म्हणजे 'दहा पट्ट्या' नाही, 'पट्टी नंबर ४१ ते ५०'. फोल्डर मागे नेला तर पुन्हा ४१ पासूनच छापणार. दोन शेतकऱ्यांच्या हातात एकाच नंबराची पट्टी गेली की संध्याकाळी दुकानातच बोंब होते, मला काही करावं लागत नाही. आणि ४८ तास टाळायला घड्याळ मागे घेतलं तर पट्टीवर तारीख मागची छापली जाते. मंगळवारचा सौदा आणि पट्टीवर शनिवार, शेतकरी ती पट्टी तोंडावर फेकेल.

हिरवं पेन घेऊन, नेट तोडून, दर दहा पट्ट्यांमागे फोल्डर बदलत कुणी बसलाच, तर आजही चार पट्ट्या फुकट निघतील. निघू देत. गर्दीच्या दिवशी दुकानात शंभरावर पट्ट्या होतात. दिवसातून दहा वेळा हा खेळ खेळणाऱ्या दिवाणजीचा पगार माझ्या वर्गणीपेक्षा महाग पडतो.

आता तारे कापण्याचं.

सेवेनं मशीन ओळखायला दिलेली तयार पद्धत मदरबोर्डच्या ओळख-क्रमांकावर आहे. कागदावर चांगली, कारण विंडोज पुन्हा टाकलं तरी तो क्रमांक बदलत नाही. मागच्या वर्षी एका नव्या दुकानात ट्रायल बसवली, प्रोग्रॅम पहिल्यांदाच उघडला, आणि समोर: 'शिल्लक पट्ट्या ३'. मालक माझ्याकडे, मी स्क्रीनकडे. सत्त्याण्णव पट्ट्या कुणी छापल्या? घरी येऊन सर्व्हरवरची नोंद बघितली तर हे मशीन आणि दोन महिन्यांपूर्वीचं दुसऱ्याच दुकानातलं मशीन, सेवेच्या लेखी एकच. दोघांनीही असेंबल केलेले स्वस्तातले पीसी घेतले होते. अशा बोर्डांवर कारखान्यात सिरियल नंबर कुणी भरतच नाही. विचारलं की मशीन इमानदारीत सांगतं, 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' म्हणजे 'बनवणाऱ्यानं भरावे', पंचायतीच्या कोऱ्या फॉर्मसारखं. आणि ओळख-क्रमांक म्हणून ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. हा आकडा नीट बघा. ३, २, ४, ५, ६, ७, ८, ९. कुणीतरी नुसती जागा भरलीय. हाच आकडा घेऊन जगात किती मशिनं फिरतायत देव जाणे, आणि माझी सेवा त्या सगळ्यांना एकच गिऱ्हाईक समजत होती.

शुक्रवारी रात्री मेल केला. सोमवारी संध्याकाळी उत्तर, त्यात माहितीपानाचा दुवा, जो मी आधीच वाचला होता. मी पुन्हा लिहिलं, तो आकडा जसाच्या तसा चिकटवला. मग खरा माणूस आला, बरा बोलला, चूक मान्य केली आणि सांगितलं की ओळख स्वतः ठरवून पाठवता येते. येते, पण तयार पद्धत देताना अशा पोकळ आकड्यांची यादी तरी त्यांनी गाळायला हवी होती. हा एक तारा. सौद्याच्या हंगामात तीन दिवस म्हणजे काय हे त्यांना कसं कळणार, म्हणून उशिराबद्दल वेगळा कापत नाही.

मी आधी तीन खुणा एकत्र केल्या: बोर्डचा क्रमांक, डिस्कचा सिरियल, विंडोजचा स्वतःचा मशीनगुइड नावाचा ओळख-क्रमांक. तिन्हीपैकी दोन जुळल्या तर तेच मशीन. विंडोज नवं टाकलं तर एक बदलते, दोन राहतात. बोर्ड पोकळ असला तरी बाकीच्या दोन वेगळ्या निघतात. चाललं. मग एका रात्री पट्टीचा नमुना समोर घेऊन बसलो होतो आणि लक्षात आलं, अरे, वरच्या बाजूला बाजार समितीनं दिलेला अडत्याचा परवाना क्रमांक छापलेला आहे. माणसाची ओळख कागदावर मोठ्या अक्षरात, आणि मी मदरबोर्डाची विचारपूस करत बसलोय! आता ट्रायल परवाना क्रमांकावर दिली जाते आणि तोच क्रमांक, पट्टी नंबरासारखा, सर्व्हरच्या सहीतून येऊन छापला जातो. दुसरा क्रमांक टाकून आणखी १०० पट्ट्या काढायच्या असतील तर दुसऱ्याच्या परवान्यावर पट्ट्या द्याव्या लागतील. तेवढी हिंमत यार्डात कुणाची नाही. परवाना क्रमांक, पट्टी नंबर, तारीख: या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला स्वतःच्या धंद्यासाठी खऱ्याच हव्या असतात. मी त्यांच्या आडोशाला कुलूप बांधलं.

टीपीएमचं, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षा-चिपचं, कुणी विचारेल म्हणून लिहून ठेवतो. त्या चिपमध्ये फक्त पुढेच जाणारा गणक ठेवता येतो, मागे घेताच येत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतंच, म्हणजे कधीतरी सगळीकडे असेल. पण माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे अजून विंडोज ७ आहे, ज्याला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला रामराम केला. त्यामुळे तो विषय इथेच.

आणि ही सेवा काय करत नाही, तेही सांगायला हवं. ती तुमचा प्रोग्रॅम राखत नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, एका रविवारी जेवायला आला होता. त्याला प्रोग्रॅम दिला आणि म्हटलं, फोड. माझा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये लिहिलेला, आणि डॉटनेटचा प्रोग्रॅम म्हणजे काचेचं कपाट. डीएनस्पाय नावाच्या साधनात घातला की जवळपास मी लिहिलेला कोड जसाच्या तसा दिसतो, तिथेच बदलून परत साठवताही येतो. त्यानं 'शिल्लक शून्य असेल तर' ही ओळ शोधली, ती कधीच खरी होणार नाही असं केलं, आणि मटणाचा रस्सा उकळायच्या आत स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मामा, झालं." चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा त्याची डाऊनलोडिंगची.

सर्व्हर कितीही पक्का असो, "छापू का?" हा प्रश्नच प्रोग्रॅममधून काढून टाकला तर उत्तर कोण मागणार? सेवेच्या पानावर हे लिहिलंय, पण अशा जागी की शोधणाऱ्यालाच सापडावं. तो अर्धा तारा. यावर मी केलेला इलाज: पट्टीचा छापील नमुना आता प्रोग्रॅममध्ये कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली उचलीबरोबर येते. नुसती ओळ बदलून भागत नाही, उत्तर आल्याशिवाय छापायला काही नसतंच. वर कोड वाचायला किचकट करणारं एक साधन लावलं. भाच्याला पुन्हा बसवलं. या वेळी त्याची दुपार गेली, चहा झाला, संध्याकाळी बहिणीचा फोन आला की पोराला घरी पाठव. त्यानं फोडलं नसतं असं नाही, एकदा आलेली किल्ली मेमरीतून उचलता येते हे त्याला कळलं होतं. पण यार्डात त्याच्यासारखा पोरगा दिवसभर बसवायचा तर त्याला मटण कोण घालणार?

कायदा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ कलम आलं, असं तांत्रिक कुलूप मुद्दाम तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी दिवाणजींवर केस घालीन तो दिवस मीही मला विचारीन, बाबा रे, तुला धंदा करायचाय ना?

पैशाचं. महिना ४९ डॉलर, म्हणजे चार हजारांच्या वर. दहा-बारा गिऱ्हाईकं असलेल्यानं घेऊ नये. माझी साठाच्या घरात आहेत म्हणून परवडतं. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जाणं रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनंतर परदेशी व्यवहारात बेभरवशाचं झालंय. माझं दोनदा अडकलं, शेवटी वर्षाचं एकदम भरलं. परदेशातून घेतलेली सेवा म्हणून रिव्हर्स चार्जनं १८ टक्के जीएसटी आपणच भरायचा, तो पुढे वजा मिळतो, पण सीए एक फोन जास्तीचा करतो. स्वतःचा सर्व्हर का नाही टाकला असं विचाराल, तर रात्री दोन वाजता तो बंद पडला की सकाळी सहाला यार्ड उघडेपर्यंत उठवायचा कुणी? ते काम ४९ डॉलरला दुसरं कुणी करत असेल तर करू दे.

बिनमोजणीचा मार्गही आहे आणि तो जास्त शहाणा असू शकतो. हिशोबाच्या टॅली प्रोग्रॅमच्या एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी घेता येतात. शिकायला पुरेसं, दुकान चालवायला कुचकामी. काही मोजायचंच नाही, तर मागे काय फिरवणार? फाईली दाबून लहान करणाऱ्या विनरारनं तर ४० दिवस झाल्यावर फक्त आठवण करून देण्यावर भागवलं, प्रोग्रॅम चालूच. ती चैन त्यांना परवडते. मी 'नमुना' असा आडवा शिक्का मारून पट्टी द्यायचा प्रयोग केला होता, पण शेतकऱ्यापुढे तसला कागद ठेवायला अडते तयार होईनात, आणि खरं काम केल्याशिवाय प्रोग्रॅम कळत नाही. म्हणून १०० खऱ्या पट्ट्या.

एक सोय सांगायची राहिली, जिच्यासाठी मी बाकी सगळं माफ करतो. यंदा फेब्रुवारीत त्याच हिरव्या पेनवाल्या दुकानात नवी आवृत्ती ट्रायलला दिली. चौथ्या दिवशी, दुपारी तीनला, ऐन गर्दीत फोन.

"साहेब, शंभर झाल्या."

"बरं."

"पुतण्यानं 'कोरा' टाकला. नाही चाललं. घड्याळ मागं घेतलं, तर तारीखच मागची छापतंय. नेट काढून बघितलं, परत ९१ पासनं सुरू झालं. दोन पट्ट्या एकाच नंबरच्या गेल्या, आता शेतकरी बसलाय डोक्यावर. काय करायचं सांगा."

"पैसे भरा, दिवाणजी."

"ते झालंच हो. ते सोडून सांगा की."

मागे पोती ओढल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी "आमची पट्टी कुठाय" म्हणून ओरडत होतं. मी रिक्षात होतो. मोबाईलवर सेवेचं पान उघडलं, त्यांच्या परवाना क्रमांकासमोर १०० चे १२५ केले. रिक्षा पुढच्या सिग्नलला पोचायच्या आत तिकडे प्रिंटर सुरू झाल्याचं फोनवर ऐकू आलं. अण्णाच्या वेळी हे हातात असतं तर, असं वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी मालकांचे पैसे आले, पूर्ण, घासाघीस न करता. पाठोपाठ दिवाणजींचा फोन: मागच्या सगळ्या हंगामांच्या पट्ट्या नव्या प्रोग्रॅममध्ये घालून द्या, ऑडिटला एकत्र लागतात. फोल्डर पाठवले त्यांनी. क, ख, ग, घ, च, छ... आता 'ढ'च्याही पुढे गेलेत, शेवटचा 'म' आहे, आणि प्रत्येकात पट्टी नंबर १ ते ९८.

ते काम चालू आहे. त्याचं बिल वेगळं लावलंय.